परवान्यानंतरची परीक्षा

एखादी परीक्षा उत्तीर्ण झाली कीं त्या विषयाचें पुस्तक माळ्यावर टाकून द्यावयाचें, ही आपल्या विद्यार्थ्यांची रीत फार जुनी आहे. शाळेंतून बाहेर पडलेला मुलगा भूमितीचा एखादा सिद्धांत विसरला, किंवा त्यास संस्कृत धातूंचीं रूपें आठवेनाशीं झालीं, तर त्यानें कोणाचें फारसें बिघडत नाहीं. परंतु एक परीक्षा अशी आहे कीं, तिचा विषय उत्तीर्ण झालेल्या माणसास दुसऱ्याच दिवसापासून रोज वापरावा लागतो, आणि तो वापरतांना झालेल्या चुकीस कृपागुण मिळत नाहींत. ती म्हणजे मोटरसायकल चालविण्याच्या परवान्याची परीक्षा. मैदानांत आठाच्या आंकड्यावरून पाय न टेकतां गाडी फिरवून आणली, वळण्याच्या खुणा करून दाखविल्या, कीं आमचा तरुण 'पास' होतो. घरीं पेढे वाटले जातात. आणि त्या क्षणापासून या विषयांतील त्याचें शिक्षण बहुधा कायमचें संपतें. पुढें जें कांहीं तो शिकतो तें रस्ता त्यास शिकवितो, आणि रस्त्यासारखा निष्ठुर पंतोजी दुसरा नाहीं.

इंग्लंडांत मात्र परवाना मिळाल्यानंतर स्वेच्छेनें देण्याची एक वरच्या दर्जाची परीक्षा आहे. तिला तेथें 'अ‍ॅडव्हान्स्ड' परीक्षा म्हणतात. ती न दिली तर कोणी दंड करीत नाहीं. दिली म्हणून पगार वाढत नाहीं. तरीहि पन्नाशी उलटलेले गृहस्थ, लेंकुरवाळ्या स्त्रिया, वीस वीस वर्षें गाडी चालविलेलीं माणसें पुन्हां विद्यार्थी होऊन महिनेच्या महिने तिची तयारी करतात. तैत्तिरीय उपनिषदांत अध्ययन संपवून घरीं निघालेल्या स्नातकास गुरु जो उपदेश करतो, त्यांत स्वाध्यायाविषयीं बेफिकीर होऊं नकोस असेंहि एक सांगणें आहे. त्या सांगण्याचें मर्म या परकी परीक्षेंत मला दिसलें, म्हणून तिची हकीकत वाचकांपुढें मांडीत आहें.

हा विषय केवळ हौशी तरुणांचा आहे असें कोणीं समजूं नये. आज आपल्या प्रत्येक बिऱ्हाडांत एक तरी दुचाकी आहे. मुलगा फटफटीवरून कचेरींत जातो, सून स्कूटरवरून शाळेंत शिकवावयास जाते, नातवंडांस मागें बसवून क्लासास पोंचविलें जातें. भारत सरकारच्या अहवालाप्रमाणें २०२२ सालीं आपल्या देशांत रस्त्यावरील अपघातांत १,६८,४९१ माणसें मृत्यु पावलीं, आणि त्यांपैकीं शेंकडा ४४ हून अधिक दुचाकीवरचीं होतीं. संध्याकाळीं दिवेलागणीनंतर फाटकाशीं गाडीचा ओळखीचा आवाज येईपर्यंत ज्या माउलीचें लक्ष घरकामांत लागत नाहीं, तिला हे आंकडे सांगावे लागत नाहींत.

परीक्षेचा उगम

१९३४ सालीं ब्रिटनमध्यें रस्त्यावरील अपघातांत ७,३४३ माणसें मेलीं. त्या काळीं तेथें मोटारगाड्या आजच्या मानानें मूठभर होत्या, हें लक्षांत घेतलें म्हणजे त्या संख्येची भीषणता कळते. दुसऱ्याच वर्षीं, म्हणजे १९३५ सालीं, तेथील सरकारनें नव्या चालकांस परीक्षा सक्तीची केली. त्याच दशकांत लंडनच्या पोलिसांनीं हेंडन येथें आपल्या चालकांसाठीं एक शिक्षणशाळा चालविली, व शर्यतींत मोटारी चालविलेल्या लॉर्ड कॉटनहॅम नांवाच्या सरदारानें तेथील शिक्षणास शास्त्राचें रूप दिलें. धाडस शिकविण्याऐवजीं क्रम शिकवावा, ही त्या शाळेची दृष्टि होती. पुढें १९५५ सालीं हा अभ्यास 'रोडक्राफ्ट' या पुस्तकाच्या रूपानें सर्वांस खुला झाला, व कालांतरानें मोटरसायकलवाल्यांसाठीं त्याचा निराळा ग्रंथ झाला.

पोलिसांची ही विद्या सामान्य नागरिकांस मिळावी म्हणून १९५६ सालीं 'इन्स्टिट्यूट ऑफ अ‍ॅडव्हान्स्ड मोटरिस्ट्स' ही संस्था निघाली. तिनें १९७६ पासून मोटरसायकलचीहि परीक्षा सुरू केली. हल्लीं ती संस्था 'आय.ए.एम. रोडस्मार्ट' या नांवानें ओळखली जाते. अपघातनिवारणाचें काम करणारी 'रोस्पा' ही दुसरी संस्थाहि अशीच परीक्षा घेते. तिच्यांत सुवर्ण, रौप्य व कांस्य अशा तीन श्रेणी आहेत, आणि विशेष हें कीं दर तीन वर्षांनीं परीक्षा पुन्हां द्यावी लागते. मिळविलेलें ज्ञान वापरांत नसेल तर गंजतें, हें त्या संस्थेनें आपल्या नियमांतच लिहून ठेविलें आहे.

एका वीराचा मृत्यु

जिनें ही विद्या ओळखून काढली त्या पिढीच्या डोळ्यांपुढें एक प्रसिद्ध अपघात घडला. पहिल्या महायुद्धांत अरबांच्या बंडांत कीर्ति मिळविलेला कर्नल लॉरेन्स यास मोटरसायकलचें विलक्षण वेड होतें. 'ब्रफ सुपीरियर' या त्या काळच्या अत्यंत नामांकित गाड्या त्यानें एकामागून एक वापरल्या. १३ मे १९३५ रोजीं डॉर्सेट परगण्यांतील आपल्या घराकडे तो परत येत होता. रस्त्यास मध्येंच एक खोलवा होता, आणि त्या खोलव्यामुळें सायकलवरून चाललेलीं दोन मुलें त्यास वेळेवर दिसलीं नाहींत. त्यांना चुकविण्यासाठीं त्यानें गाडी वळविली. मुलें वांचलीं, पण तो स्वतः फेंकला गेला व सहा दिवसांनीं वारला. त्या वेळीं त्याचें वय अवघें ४६ वर्षांचें होतें.

त्याच्या शुश्रूषेस जे वैद्य होते त्यांत ह्यू केर्न्स नांवाचे मेंदूचे शस्त्रवैद्य होते. डोक्यास मार लागून मरणाऱ्या मोटरसायकलस्वारांचा त्यांनीं पुढें कसून अभ्यास केला, आणि १९४१ सालीं हेल्मेटच्या उपयोगावर निबंध प्रसिद्ध केला. त्याच वर्षीं ब्रिटिश सैन्यांतील स्वारांस हेल्मेट सक्तीचें झालें. सामान्य नागरिकांस तें सक्तीचें व्हावयास मात्र १९७३ साल उजाडलें. आज आपल्या मुलांच्या डोक्यावर जें हेल्मेट आहे, त्याच्या मागें हा असा इतिहास आहे.

परंतु आपल्या विषयाच्या दृष्टीनें त्या अपघातांतील मुख्य गोष्ट तो खोलवा ही होय. लॉरेन्सच्या अंगीं कौशल्य कमी नव्हतें, धैर्य तर नव्हतेंच नव्हतें कमी. पण रस्त्याचा जो तुकडा दिसत नव्हता त्यांत काय असेल, हा प्रश्न त्या क्षणीं अनुत्तरित राहिला. या परीक्षेचा पाया म्हणून जो नियम सांगतात तो नेमका याच प्रश्नाचें उत्तर आहे. आपल्या बाजूचा जेवढा रस्ता मोकळा असल्याचें डोळ्यांस दिसतें, तेवढ्यांत सुरक्षितपणें थांबतां येईल इतकीच गति ठेवावी, असा तो नियम आहे. बाकीचा सर्व अभ्यासक्रम म्हणजे या एका सूत्रावरील भाष्य होय.

तीन मासे

हितोपदेशांतील तीन माशांची गोष्ट वाचकांस ठाऊक आहेच. उद्यां कोळी जाळें टाकणार हें कळतांच अनागतविधाता त्याच दिवशीं दुसऱ्या डोहांत निघून गेला. प्रत्युत्पन्नमति जाळ्यांत सांपडला, पण मेल्याचें सोंग घेऊन निसटला. यद्भविष्य 'होणार असेल तें होईल' म्हणत बसला व मारला गेला. आपल्या तरुणांस प्रत्युत्पन्नमतीचें मोठें कौतुक असतें. 'समोरून ट्रक आला, पण मीं अशी गाडी काढली म्हणतां!' असें तो मित्रांस सांगतो आणि मित्र माना डोलावितात. या परीक्षेंत अशा स्वारास गुण मिळत नाहींत. जो प्रसंग चातुर्यानें निभावला, तो मुळांत येऊंच कां दिला, असें तेथें विचारतात. जाळ्यांतून निसटण्याची युक्ति दर वेळीं साधतेच असें नाहीं. आणि वडील माणसांचा 'देव तारील' हा भरंवसा कितीहि मनापासूनचा असला, तरी व्यवहारांत तो यद्भविष्याच्या पक्षाला जातो. तेथील परीक्षक शोधतो तो अनागतविधाता.

आतां हें पूर्वज्ञान यावयाचें कसें? गति व अंतर यांचें गणित प्रथम समजून घेतलें पाहिजे. ब्रिटिश सरकारच्या रहदारीच्या पुस्तकांत दिलेल्या कोष्टकाप्रमाणें ताशीं ३० मैल, म्हणजे सुमारें ४८ किलोमीटर वेगानें जाणारी गाडी धोका दिसल्यापासून थांबेपर्यंत २३ मीटर जाते. त्यांतले ९ मीटर ब्रेक लावण्याचा विचार हातापर्यंत पोंचण्यांत जातात व १४ मीटर प्रत्यक्ष थांबण्यांत. वेग दुप्पट करून ताशीं ६० मैल केला, तर विचाराचें अंतर दुप्पट, म्हणजे १८ मीटर होतें. पण थांबण्याचें अंतर ५५ मीटर, म्हणजे जवळ जवळ चौपट होतें. एकूण ७३ मीटर. थांबण्याचें अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतें, हें पदार्थविज्ञान शाळेंतल्या प्रत्येक मुलानें घोकलेलें असतें. फक्त रस्त्यावर त्यास तें आठवत नाहीं. हें कोष्टक कोरड्या रस्त्याचें आहे. पावसांत अंतर निदान दुप्पट धरावें लागतें.

पांच पायऱ्या

प्रत्येक वळण, चौक, थांबलेली बस किंवा अरुंद पूल यांजवळ येतांना पांच गोष्टी एका ठराविक क्रमानें कराव्या, असें या पद्धतीचें सार आहे. माहिती, जागा, वेग, गिअर आणि पुन्हां वेग देणें, असा हा क्रम आहे.

माहिती म्हणजे समोर, बाजूस व मागें पाहून जें कळतें तें, आणि आपण काय करणार हें खुणेनें दुसऱ्यास कळवितों तेंहि. ही पहिली पायरी बाकीच्या चारांना व्यापून असते. आरशांत दिसत नाहीं असा एक कोपरा दोन्ही बाजूंस राहतो. म्हणून वळण्यापूर्वीं खांद्यावरून एक ओझरती नजर टाकावयाची असते. तिला तेथें 'जीव वांचविणारी नजर' असेंच नांव आहे.

जागा म्हणजे आपल्या बाजूच्या रस्त्यांत गाडी नेमकी कोठें ठेवावयाची तें. ब्रिटनमध्यें आपल्याप्रमाणेंच डाव्या बाजूनें चालण्याची रीत असल्यामुळें हा भाग आपणांस जसाच्या तसा उपयोगी आहे. रस्ता डावीकडे वळत असेल तर मधल्या रेघेकडे सरकावें, उजवीकडे वळत असेल तर डाव्या कडेकडे राहावें. तेणेंकरून वळणापलीकडचा रस्ता लौकर दिसूं लागतो. पण त्या पुस्तकांत सुरक्षितपणास पहिला मान आहे, दृष्टीस दुसरा. आपल्या आंबोली किंवा ताम्हिणी घाटांत समोरून येणारा ट्रक रेघ ओलांडून येण्याचा संभव असेल, तर चार पावलें जास्त दिसावीं म्हणून रेघेवर जाणें शहाणपणाचें नव्हे.

तिसरी पायरी वेगाची. वळणावर जो वेग पाहिजे तो वळण लागण्यापूर्वीं, गाडी सरळ उभी असतांनाच साधावयाचा. गाडी कलल्यावर ब्रेक दाबावयाची वेळ येऊं द्यावयाची नाहीं. वळणाचा वेग ठरविण्यासाठीं एक सुंदर युक्ति सांगतात. वळणावर दूर पाहिलें असतां रस्त्याच्या दोन्ही कडा एका बिंदूंत मिळालेल्या दिसतात. आपण पुढें जात असतां तो बिंदु आपल्याकडे येऊं लागला, तर वळण अधिक तीव्र आहे, वेग कमी करावा. तो आपल्याबरोबरच पुढें सरकत राहिला, तर वेग योग्य आहे. तो पळूं लागला, तर वळण उलगडत आहे असें समजावें. रात्रंदिवस घाटानें जाणारे एस्. टी. चे जुने ड्रायव्हर हीच गोष्ट अनुभवानें करीत असतील. येथें ती शब्दांत सांपडते इतकेंच.

वेग ठरला म्हणजे त्यास जुळणारा गिअर एकदांच टाकावा, आणि वळण पार होत असतां हळुवारपणें वेग द्यावा. पांचहि गोष्टी आपणांपैकीं प्रत्येकजण करतोच; पण वळणांत शिरल्यावर गिअर, मग ब्रेक, मग आरसा, असा उलटासुलटा क्रम झाला कीं एकाच क्षणीं हातांस, पायांस व डोळ्यांस तीन कामें येऊन पडतात. हा क्रम संवयीचा झाल्यानें प्रत्येक कामास आपापला अवकाश मिळतो व मन पुढचा रस्ता पाहण्यास मोकळें राहतें.

तयारी कशी करतात

या परीक्षेची तयारी करून घेण्यासाठीं इंग्लंडांत गांवोगांवीं मंडळें आहेत. त्यांतील अनुभवी स्वार फुरसतीच्या दिवशीं, वेतन न घेतां, शिकाऊ मनुष्याच्या मागून आपली गाडी चालवितात व मधून मधून थांबवून दोष दाखवितात. त्यांना 'निरीक्षक' म्हणतात.

माझा एक पुतण्या नोकरीनिमित्त लेस्टर शहरीं राहतो. पुण्यास त्यानें दहा वर्षें मोटरसायकल चालविली होती. आपल्या परवान्यावर तेथें बाराच महिने गाडी चालवितां येते, म्हणून त्यानें तेथील साधी परीक्षा रीतसर दिली. तिच्यांतहि आठाचा आंकडा आहे, आणि ताशीं ५० किलोमीटर वेगावरून एकदम थांबून दाखविण्याची कसोटी आहे. तीं सर्व उत्तीर्ण झाल्यावर तो मोठ्या विश्वासानें अशा एका मंडळांत गेला. पहिल्या रविवारीं चाळीस मैलांच्या फेरीनंतर निरीक्षकानें त्यास चहा पाजला आणि सांगितलें, 'तुमचा हात उत्तम आहे. पण तुम्हीं सबंध फेरींत पुढच्या मोटारीचे मागचे दिवे पाहिलेत. त्या मोटारीच्या पलीकडे काय चाललें आहे, तें एकदांहि पाहिलें नाहींत.' पुतण्यानें मला लिहिलें कीं, 'काका, मला आधीं राग आला, मग रात्रीं झोप लागेना. दहा वर्षें मी दुसऱ्याच्या पाठीकडे पाहून चाललों होतों.'

त्यास पहिला धडा मिळाला तो तोंडानें बोलत गाडी चालविण्याचा. जें दिसतें व त्यावरून जें संभवतें, तें हेल्मेटांतल्या हेल्मेटांत मोठ्यानें म्हणावयाचें. 'पुढें बस थांबली आहे, खालून पाय दिसत आहेत, कोणी पुढून रस्ता ओलांडील. डावीकडे उभ्या मोटारींत मनुष्य बसला आहे, दार उघडेल. रस्त्यावर डिझेलचा वास येत आहे, पुढच्या वळणावर निसरडें असेल.' पहिल्या दिवशीं दोन मिनिटांनीं त्याची वाणी थांबली, आणि जेथें वाणी थांबली तेथें पाहणेंहि थांबलें होतें, हें त्याच्या ध्यानांत आलें. संहिता म्हणतांना विद्यार्थी कोठें अडला हें जसें गुरूस तत्काळ कळतें, तसेंच हें आहे. रोज पांच मिनिटें असा अभ्यास करून तीन महिन्यांनीं तो अर्धा तास अखंड बोलूं लागला.

पावसाळ्याच्या सुमारास त्यानें कळविलेला एक प्रसंग सांगण्याजोगा आहे. दोन्ही बाजूंस उंच कुंपणें असलेल्या खेड्यांतील रस्त्यानें तो चालला होता. डांबरावर ओल्या मातीचीं ढेंकळें ओळीनें पडलेलीं दिसलीं. जवळच कोठें तरी शेतांतून ट्रॅक्टर रस्त्यावर आला आहे, असें त्यानें मोठ्यानें म्हटलें व वेग उतरविला. वळणापलीकडे खरोखरच एक ट्रॅक्टर लांब गाडा जोडून रस्त्यावर आडवा होता. पुतण्या त्यापासून पुष्कळ अंतरावर स्वस्थपणें थांबला. शेतकऱ्यानें हात केला, यानेंहि हात केला, आणि प्रसंग संपला. सांगावयास त्यांत कांहींच नाहीं; आणि हेंच या विद्येचें फळ आहे.

स्वतः शिकलेल्यांविषयीं

१९८१ सालीं अमेरिकेंत दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या हर्ट नांवाच्या संशोधकानें नऊशें मोटरसायकल अपघातांची जागेवर जाऊन केलेली तपासणी प्रसिद्ध झाली. अपघात झालेल्या स्वारांपैकीं शेंकडा ९२ जण आपले आपणच, किंवा घरच्यांकडून व मित्रांकडून गाडी शिकलेले होते. दुसऱ्या वाहनाशीं टक्कर झालेल्या अपघातांपैकीं सुमारें दोनतृतीयांशांत दुसऱ्या वाहनाच्या चालकानें मोटरसायकलवाल्याचा हक्काचा मार्ग अडविला होता. बहुतेक वेळां त्यास ती दिसलीच नव्हती. चूक त्याची, हाडें आपलीं, असा हा न्याय आहे. म्हणून तेथील निरीक्षक शिकवितात कीं, समोरच्या चालकानें आपणांस पाहिलें आहे असें गृहीत धरूं नये. बाजूच्या गल्लींतून येणाऱ्या मोटारीच्या पुढच्या चाकाकडे लक्ष ठेवावें, कारण गाडी हलली कीं चाक तें आधीं सांगतें.

आपल्या घरांत चुलतभाऊ चुलतभावास शिकवितो, तो धाकट्यास शिकवितो, आणि गुणांबरोबर दोषहि वारसाहक्कानें उतरतात. पहिल्यानें मागचाच ब्रेक वापरण्याची खोड लाविली कीं ती तीन पिढ्या जाते. वस्तुतः ब्रेक लागतांच गाडीचा भार पुढें झुकतो व थांबविण्याचें बहुतेक काम पुढचें चाक करतें. म्हणून दोन्ही ब्रेक, हळूहळू दाब वाढवीत, लावावयास शिकलें पाहिजे.

परीक्षेचा दिवस

परीक्षक हा बहुधा पोलिसांच्या रहदारीखात्यांत काम केलेला स्वार असतो. तो प्रथम गाडी पाहतो. टायर, साखळी, दिवे, ब्रेक, तेल हीं सकाळीं तपासलीं काय, हें विचारतो. रहदारीच्या नियमांवर कांहीं प्रश्न विचारतो. मग सुमारें दीड तास शहर, खेडीं, मोठे रस्ते असा प्रवास करवितो व स्वतः मागून येतो. वेगाची मर्यादा मोडणारा नापास होतो. पण जेथें रस्ता मोकळा व मर्यादा मोठी आहे तेथें विनाकारण रांगत जाणाऱ्याचेहि गुण कापतात. कारण भित्रेपणा ही सावधगिरी नव्हे, आणि मागच्यांचा धीर संपवून तोहि अपघात घडवितो. अगदीं संथ गतीनें गाडी वळवून दाखवावी लागते. तेथें क्लच व मागचा ब्रेक यांवर ताबा आणि नजर जेथें जावयाचें तेथें, हें साधलें पाहिजे. दृष्टि जाईल तिकडे गाडी जाते; खड्ड्याकडे टक लावणारा खड्ड्यांतच जातो.

माझा पुतण्या त्या हिवाळ्यांत उत्तीर्ण झाला. परीक्षकानें त्यास शेवटीं एवढेंच सांगितलें कीं, 'तुमच्या मागून येतांना मला कंटाळा आला.' त्या परीक्षेंत याहून मोठी शाबासकी नाहीं.

आपण काय करावें

अशी परीक्षा आपल्याकडे गांवोगांवीं नाहीं, हें खरें. पण परीक्षा नाहीं म्हणून अभ्यास अडत नाहीं. घरांतील तरुणानें रोज पांच मिनिटें बोलत गाडी चालवून पाहावी. पुढच्या वाहनापासून निदान दोन सेकंदांचें अंतर ठेवावें. पुढची गाडी एखाद्या खांबाजवळून गेली कीं मनांत मोजावयास लागावें, म्हणजे तें कळतें. पावसांत चार सेकंद मोजावे. रिकामें मैदान पाहून पुढच्या ब्रेकचा सराव करावा. दर आठवड्यास आपल्या एकाच दोषावर लक्ष ठेवून तो वहींत टिपून ठेवावा. राग, झोप, उपास किंवा गुंगीचें औषध यांपैकीं कांहीं अंगांत असेल त्या दिवशीं किल्ली खुंटीवरच राहूं द्यावी.

आणि आम्हां वडील मंडळींचें कर्तव्य काय? मुलास गाडी घेऊन देतांना हेल्मेट त्याच्या डोक्याच्या मापाचें, भारतीय मानक ब्यूरोची खूण असलेलें घ्यावें. देशांत १ जून २०२१ पासून ती खूण नसलेलें हेल्मेट विकणें बेकायदा आहे. मागें बसणाऱ्या भगिनींनीं व मुलांनींहि तें घालावें. मुलगा रस्त्यावर असेल अशा वेळीं फोन करून 'कोठें आहेस, लौकर ये' म्हणूं नये. ताशीं ६० किलोमीटर वेगानें जाणारा मनुष्य फोनकडे तीन सेकंद पाहील तर तेवढ्यांत ५० मीटर आंधळेपणानें जाईल, आणि त्या ५० मीटरांस निमित्त आपलें प्रेम होईल. मुंजीचा मुहूर्त असो वा पाहुण्यांची गाडी, उशीर झाला तर होऊं द्यावा, आणि उशिरा आलेल्यास दारांत बोलूं नये. घाई ही बहुधा घरांतूनच रस्त्यावर जाते, व ती थांबविणें आपल्या हातीं आहे.

'पुढच्यास ठेंच, मागचा शहाणा' ही म्हण आपण लहानपणापासून ऐकतों. पण मागच्यास शहाणें होण्यासाठीं पुढच्याची ठेंच डोळे उघडे ठेवून पाहावी लागते. या लेखाच्या वाचनानें एखाद्या घरांतील एका तरी तरुणानें किंवा तरुणीनें आपला परवाना हा शिक्षणाचा आरंभ समजून पुन्हां अभ्यासास हात घातला, तर लिहिण्याचे श्रम सार्थकीं लागले असें मी समजेन.